खोली करून राहण्याचे दिवस

जून उजाडला की आमच्या गल्लीत टेम्पो यायला लागतात. प्रत्येक टेम्पोत ठरलेलं सामान असतं. एक लोखंडी कॉट, सुतळीनं बांधलेली गादी, टेबलफॅन, कुकर, छोटा सिलिंडर, ज्वारीच्या पिठाचा डबा, आणि या सगळ्याच्या मधोमध मांडीवर आरसा धरून बसलेली एक आई. मागून मोटरसायकलवर बाप येतो आणि त्याच्या पाठीमागे दहावीला भरघोस मार्क पडलेलं पोरगं. पोरगं गल्लीकडे बघतही नाही. पुढची दोन वर्षं त्याला गल्ली बघायला वेळ मिळणार नाही, हे त्याला घरातूनच सांगून पाठवलेलं असतं.

कोकणात आंब्यांचा हंगाम असतो, आमच्या लातुरात खोल्यांचा. ‘खोली करणं’ हा आमच्याकडचा शब्दप्रयोग. हदगावहून, कंधारहून, मुखेडहून, पार बिदरच्या हद्दीवरून माणसं येतात, दहा बाय दहाची जागा बघतात, नळाला पाणी कधी येतं ते विचारतात आणि बाप परत शेतावर किंवा शाळेवर निघून जातो. उरतात आई आणि लेकरू. दोन वर्षं आईनं डबा करायचा, लेकरानं क्लास करायचा. सण नाही, लग्न नाही, माहेर नाही. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता गॅलरीत खुर्ची टाकून बसते आणि टेम्पो बघून मनातल्या मनात निकाल देते. ही टिकेल. ही दिवाळीला गेली की परत यायची नाही. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

आमच्या या शिकवणीच्या बाजाराला लोक नावं ठेवतात. मीही ठेवते, त्यातच आयुष्य गेलं, तेवढा हक्क मला आहे. पण टेम्पो गल्लीत वळताना दिसला की मला माझे डॉक्टर झालेले विद्यार्थी आठवत नाहीत. मला आठवते डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली रेणू. ती अशाच एका जूनमध्ये, अशाच टेम्पोतून, गादीवर मांडी घालून आली होती. वय वर्षं सात. तिला कुठल्याच क्लासला जायचं नव्हतं.

रेणू ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ बालाजी मुखेडजवळच्या आमच्या गावी शेती करतो. शेत बऱ्यापैकी, स्वभाव भोळा, आणि एकदा मनात घेतलं की ऐकायचं नाही हा आमच्या घरातला सगळ्यांचाच गुण. रेणूला ताप यायचा, जायचा. अंगावर निळसर डाग उठायचे. पडली असेल, म्हणून सगळे गप्प. मग ती पांढरी पडत गेली. कुणी कावीळ म्हणालं, कुणी जंत म्हणालं, एकानं माळ घातली, एकानं नाकात औषध सोडलं. मी संक्रांतीला गेले आणि पोरीचा हात हातात घेतला तेव्हा हे जंत नव्हेत, कावीळही नव्हे, हे मला कळलं. कारण रक्ताचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत होते. दुसऱ्याच दिवशी तिला लातूरला आणली. तिथून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात. रक्ताचा कॅन्सर.

मुंबईतले पहिले महिने मी इथं सांगणार नाही. ज्यांनी ते काढलेत त्यांना ते सांगायला नको, आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांना ते सांगून कळत नाहीत. महत्त्वाचं ते नंतरचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की आता आजार दिसत नाही, पण दिसत नाही म्हणजे गेला असं समजू नका. अजून दोन वर्षं रोज गोळ्या. मधूनमधून रक्ताची तपासणी. ती लातूरच्या बालरोगतज्ज्ञांकडे चालेल, ते आमच्याशी बोलत राहतील. काही महिन्यांनी मुंबईला येत जायचं. ताप आला तर मात्र तास-दोन तासांत दवाखाना गाठायचा. आणि मध्ये सोडायचं नाही. पूर्ण केलं तर पोरगी मोठी होईल, असं त्या बाई शांतपणे म्हणाल्या. मला त्यांचा तो शांतपणा फार आवडला.

गावाहून एसटी दिवसातून दोनदा. ताप काही गाडीचं वेळापत्रक बघून येत नाही. बालाजी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला.

“दोन वर्षं, आक्का? दोन वर्षं पोरीला घिऊन कुठं ऱ्हायाचं?”

“सदाशिवनं पोराला डॉक्टर करायला दोन वर्षं खोली केली का न्हाई लातूरला?” सदाशिव म्हणजे आमचा चुलतभाऊ.

“केली की.”

“मग तू पोरगी जगवायला कर.”

इतका वेळ त्याला जे अशक्य वाटत होतं, ते एकदम ओळखीचं झालं. दोन वर्षं दवाखाना हे त्याला झेपणारं नव्हतं. दोन वर्षं खोली, हे आमच्याकडे घरोघर चालतं. माझ्या घरी ठेवायला मी एका पायावर तयार होते, पण माझ्याकडे सकाळ-संध्याकाळ शिकवणीच्या पोरांचा राबता, कुणाला खोकला, कुणाला सर्दी; आणि डॉक्टरांनी गर्दीपासून लांब ठेवायला बजावलेलं. म्हणून मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून एक खोली बघितली. घरमालकीण गोड होती. रुमालातलं डोकं आणि तोंडावरची पट्टी बघून म्हणाली, “अगं बाई! आता सातव्या वर्षापासूनच क्लास सुरू झाले का? कुठल्या सरांकडं घातलंय?”

माझी भावजय सुनंदा तोपर्यंत परक्या बाईशी मान वर करून बोललेली मला आठवत नाही. ती सामान लावता लावता म्हणाली, “मोठ्या सरांकडं घातलंय, मावशी. दोन वर्षाचा कोर्स हाय.”

त्या खोलीचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे आख्ख्या गल्लीचे कुकर एका दमात शिट्ट्या द्यायचे, कारण सगळ्यांचा पहिला तास एकाच वेळी. मग भिंतीपलीकडून घोकणं सुरू व्हायचं. एका बाजूला गतीची समीकरणं, दुसऱ्या बाजूला वनस्पतींची कुळं, गच्चीवर एक पोरगा येरझाऱ्या घालत आम्लं आणि अल्कली. फोडणीत मिरची पडली की सगळे एकदम शिंकायचे आणि परत घोकायला लागायचे. रेणू पलंगावर बसून हे ऐकायची आणि पाठ करायची. एकदा मला म्हणाली, “आत्या, बेंझिन म्हंजे काय?” मी म्हटलं, एक वास येणारं रसायन. “मग ते शिकत्यात कशाला? दार लावून घ्यावं की.”

आणि एक गंमत सांगते. मुंबईच्या दवाखान्यात आम्हाला पथ्यं सांगायला एक बाई तासभर बसल्या होत्या. पाणी उकळून, भाजी ताजी, हात धुऊन, शिंकणाऱ्याला लांब. इथं गल्लीत आल्यावर कळलं, की हे सगळं इथं आधीपासूनच पाळलं जातं. इथल्या आयांना पोराच्या साध्या पडशाचंही भारी भय. ताप म्हणजे बुडालेली चाचणी, आणि बुडालेली चाचणी म्हणजे प्रलय. सगळ्याच बायका पाणी उकळतात. सगळ्याच उघड्यावरचं खाऊ देत नाहीत. सुनंदाला वेगळं काहीच करावं लागलं नाही, ती त्यांच्यातली एक झाली. जिन्यात रेणू दिसली की सर्दी झालेला पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, ती वर जाईपर्यंत. त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

रोजच्या गोळीखेरीज आठवड्यातून एकदा एक वेगळा डोस असायचा. तो घेतला की रेणूला मळमळायचं, ती चिडायची, तोंड फिरवायची. सुनंदानं तो वार रविवार ठरवला. रविवारी आमच्याकडे सगळ्या क्लासांची चाचणी असते. सकाळपासून गल्लीत चिडीचूप. सुनंदा म्हणायची, “आज समद्यांचाच पेपर हाय. तुझाबी हाय. गीळ.” समोरच्या खोलीतली पोरं परत आली की दारातून विचारायची, “रेणू, कसा गेला पेपर?” ती ओठ पुसत म्हणायची, “अवघड व्हता. पण गेला.”

त्याच दिवसांत वैजूचा फोन यायचा. वैजू माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्न होऊन जर्मनीत गेलेली. तिच्या शेजारी एमा नावाची मुलगी होती, रेणूच्याच वयाची, आणि तिला नेमका हाच आजार. वैजूनं तिच्या आईला विचारून औषधांची नावं मला फोनवर सांगितली. एकेक नाव ऐकत गेले आणि मी पुढचं नाव आधीच म्हणायला लागले. तीच औषधं. तोच क्रम. आठवड्याची गोळीसुद्धा तीच. एमालाही ती घेतली की मळमळायचं आणि तीही तोंड फिरवायची. मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हणजे आमच्या पोरीला काही दुय्यम मिळत नव्हतं. मुखेडच्या पोरीच्या पोटात तीच गोळी जात होती, जी तिकडे जात होती.

“मग तिथं वेगळं काय आहे गं?” मी विचारलं.

वैजू सांगत गेली. शाळेची बाई घरी येऊन शिकवते. आईची नोकरी कुणी काढून घेऊ शकत नाही. मोठ्या भावाला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याशी बोलायला वेगळा माणूस. एकदा खूप बर्फ पडलं म्हणून ते तपासणीला गेले नाहीत, तर दुपारच्या आत दवाखान्याचा फोन आला, का आला नाहीत म्हणून. आणि मग गाडीच आली.

“गाडी? न्यायला?”

“न्यायला.”

मी खो खो हसले. सुनंदा शेजारी बसून मेथी निवडत होती, तिनं विचारलं काय झालं. मी सांगितलं. ती काही हसली नाही. निवडलेल्या जुडीकडे बघत एवढंच म्हणाली, “फोन करत्यात व्हय? पोरगं न्हाई आलं तर?”

मी लातूरला नोकरीला लागले तो आमच्या जिल्ह्याचा भूकंपाचा काळ. गणपती बसवून, नाचवून, बुडवून माणसं झोपली आणि पहाटे जमीन हलली. नंतरचे कित्येक आठवडे मी पत्र्याच्या शेडमध्ये दुभाषी म्हणून उभी होते, माझ्या मोडक्या इंग्रजीसकट. कुठल्या कुठल्या देशांतून ट्रक आले, तंबू आले, डॉक्टर आले. एक गोरी, म्हातारी डॉक्टरीण एका पोराची जखम धुताना त्याच्याबरोबर स्वतःही रडत होती. म्हणून जगाला काळीज नाही, असं कुणी म्हटलं की मी ऐकून घेत नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. जगाला आमचा पत्ता चांगला ठाऊक आहे.

पण जमीन हलते तेव्हा ती सगळ्यांच्या पायाखाली एकदमच हलते, म्हणून दिसते. मुखेडला एक पोरगी, हदगावला एक, कंधारकडे एखादा मुलगा, प्रत्येक जण आपापल्या घरात पांढरा पडत जातो. त्याचा आवाज शेजारच्या वाडीलाही जात नाही. त्याला ट्रक कुठून येणार? आणि ट्रक लागतोच कुठे? औषध शोधून झालेलं आहे. ते मिळतं. गिळायला सोपं आहे. याच गोष्टीची मला भयंकर चीड येते आणि याच गोष्टीनं मला धीरही येतो. जे करायचं राहिलंय ते आपल्याला जमण्यासारखं आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

दिवाळी आली. क्लासांना सुट्टी लागली, गल्ली ओस पडली. डॉक्टरांना विचारून सुनंदा रेणूला घेऊन गावी गेली. रेणूला नवे केस आले होते, मऊ, कुरळे, तिचे आधीचे केस सरळ होते. गाल वर आले होते. ती उड्या मारत एसटीत चढली.

दिवाळी सरली. टेम्पो नाही आले, पण डबे, पिशव्या, फराळाची डबडी घेऊन आया परतल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीला कुलूप तसंच. मी गावच्या किराणा दुकानात फोन लावला. बालाजीला बोलावून घेतलं. त्याचा आवाज नुसता फुलला होता. “आक्का, येत्या रविवारी कंदुरी हाय. तू न्हाई आलीस तर बोलणार न्हाई.”

कंदुरी म्हणजे आमच्याकडे नवस फेडायचा, बोकड कापून गावजेवण घालायचं. आमच्या गावाची कंदुरी माळावरच्या दर्ग्याला होते. पिढ्यान्‌पिढ्या हिंदू घरं करतात, मुसलमान घरं करतात, आणि रश्शाला कुणी जात विचारत नाही. मी गेले. लिंबाच्या सावलीत मोठ्या पातेल्यात रस्सा रटरटत होता. भाकरींची चळत लागली होती. भावकी पंगतीला बसलेली. रेणू नवीन फ्रॉक घालून पोरांच्या घोळक्यात पळत होती, आणि ज्या बायकांनी संक्रांतीला तिच्याकडे बघून डोळ्यांना पदर लावला होता, त्याच आता तिची दृष्ट काढत होत्या. खरं सांगते, मलाही भरून आलं. मग मी सुनंदाजवळ जाऊन हळूच विचारलं, “गोळ्या?”

तिनं पातेल्यात पळी फिरवली.

“दिवाळीपासनं बंद हायत.”

बालाजीनं ऐकलं. तो आला आणि माझा हात धरून मला बाजूला घेऊन गेला. रागावला नव्हता, मला समजावत होता. “आक्का, मुंबईला त्या कॉरिडॉरमदी उभा व्हतो ना, तवा पीराला बोललो व्हतो. पोरगी बरी झाली की कंदुरी करीन. बरी झाली. मी शब्द पाळला. आता कंदुरी देऊन परत तिला गोळी चारायची म्हंजे, तू बरी केलीस ह्यावर माझा भरवसा न्हाई, असं त्येच्या तोंडावर म्हनल्यावानी हाय. लोक काय म्हनतील ते सोड. त्येला काय वाटंल?”

हे अडाणीपणाचं बोलणं नव्हतं. दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या माणसाचं होतं, आणि म्हणूनच ते इतकं कठीण होतं. मी हाडातल्या मगजाविषयी बोलले. लपून राहिलेल्या पेशींविषयी बोलले. वर्गात बोलते तसं, हात हलवून, फळा नसताना बोटानं हवेत गोल काढून. भावकीतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. बालाजीला काही ते पटेना. तिकडे रेणू हसत होती, आणि तिचं ते हसणंच माझ्या सगळ्या बोलण्याच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

सुनंदा वाढप सोडून आली. हातात पळी तशीच. नवऱ्याकडे बघून म्हणाली, “आज रविवार हाय.”

“मग?”

“लातूरला आज पोरांचा पेपर असंल.”

तिला काय म्हणायचंय ते कुणालाच कळेना. ती म्हणाली, “सदाभावजींच्या पोरानं सरावाच्या परीक्षेत पयला नंबर काढला, तवा तुमीच गावात पेढे वाटले का न्हाई?”

“वाटले की. किलोभर वाटले.”

“पेढे वाटले म्हनून दुसऱ्या दिवशी त्यानं क्लास सोडला का?”

“येडी का काय! क्लास कसा सोडंल? मोठी परीक्षा रायली व्हती त्येची.”

“आपलीबी रायलीय.” ती म्हणाली. “ही कंदुरी पेढ्याची झाली. सरावाचा पेपर चांगला गेला त्येची. मोठा पेपर झाला की मोठी करू. त्येला समजतंय समदं. त्यानं पोरगी बरी करायला घेतलीय, आन आपुन मधीच पाटी फुडून बसलाव.”

बालाजीनं दर्ग्याच्या हिरव्या चादरीकडे वळून बघितलं. रस्सा करपायला लागल्याचा वास आला, कुणीतरी ओरडलं, दोघं पातेल्याकडे पळाले. मग बालाजीनं रेणूला हाक मारली. ती धापा टाकत आली. त्यानं स्वतः तांब्या आणला, सुनंदानं कनवटीला जपलेली गोळी स्वतः लेकीच्या जिभेवर ठेवली. ती म्हणाली, “बाबा, सुट्टी संपली व्हय?” तो म्हणाला, “हाव.” आणि पोरीला पोटाशी धरून तो सगळ्या भावकीसमोर ओक्साबोक्शी रडला.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना घेऊनच परतले. लातूरच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना उभं करून झापलं, रक्त तपासलं, आणि मग चष्मा काढून म्हणाले, निभावलंय. पुन्हा असं करू नका.

निभावलं, हा शब्द मी तेव्हा हलकेच घेतला. पुढच्या वेळी मुंबईला गेल्यावर तो जड झाला. तिथं धर्मशाळेत रेणूची एक मैत्रीण होती, हदगावची वैष्णवी. दोघींची तपासणीची तारीख दर वेळी एकच यायची. दोघी कॉरिडॉरमध्ये सागरगोटे खेळायच्या, एकमेकींच्या डोक्यावरचे नवे केस चाचपून कुणाचे जास्त आले ते बघायच्या. तिचे वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, आई अबोल. या वेळी वैष्णवी आली नव्हती. रेणू सागरगोटे मुठीत धरून दाराकडे बघत बसली. दवाखान्यात इतकी गर्दी, की एक पोरगी कमी आहे हे फक्त रेणूच्या लक्षात आलं.

परतल्यावर मी त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन केला. वैष्णवीचे वडील फार खुशीत बोलले. “म्याडम, पोरगी लई गुटगुटीत झाली. शाळेत जाऊन राहिली. आता कशाला तिला सुया टोचायच्या?” मी बोलले, मग माझ्या हातातून फोन घेऊन सुनंदा बोलली. पाया पडते म्हणाली. ते म्हणाले, बघतो, कापसाचे दिवस आहेत, एवढे झाले की आणतो. पुन्हा फोन केला, तेव्हाही म्हणाले बघतो. उन्हाळा लागता लागता आजार उलटला. मग त्यांनी धावाधाव केली, पण तोवर उशीर झाला होता. वैष्णवी गेली.

मला राग आला. त्या बापावर नाही. तो बालाजीच होता, हुबेहूब. त्याच आनंदात, त्याच भोळेपणात. दोघींचा आजार एक, औषध एक, तारीखसुद्धा एक. एमा, रेणू आणि वैष्णवी या तीन पोरींमध्ये रक्तानं काहीही फरक केला नव्हता. फरक आम्ही केला होता. एमा आली नाही तर दुपारच्या आत फोन जातो. आमच्या लातुरात क्लासला पोरगं आलं नाही तर पहिला तास संपायच्या आत बापाला फोन जातो. हे काम मी स्वतः वर्षानुवर्षं केलं आहे, आणि बापांच्या थापाही ऐकल्या आहेत. म्हणजे आम्हाला हे येत नाही असं नाही. आम्हाला ते उत्तम येतं. भौतिकशास्त्राच्या तासासाठी येतं.

मी हे सगळं तावातावानं बोलत होते. सुनंदा गच्चीच्या कठड्याला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, “आक्का, तिच्या घरी तुमी नव्हता.” एवढंच. मग खाली जाऊन तिनं कुकर लावला.

रेणूचा मोठा पेपर संपला तेव्हा पुन्हा जूनच होता. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या, घरमालकिणीनं निकाल विचारला. टेम्पोत कॉट चढवली. मोठी कंदुरी झाली, मी दोनदा जेवले.

रेणू डॉक्टर झाली असती तर ही गोष्ट फार गोड झाली असती. ती झाली नाही. तिला जीवशास्त्रात कायम काठावर मार्क पडले, माझ्या नाकावर टिच्चून. बी.ए. केलं, लग्न केलं, मुखेडच्या बाजारात तिचं साड्यांचं दुकान आहे. आवाज मोठा, दराच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही आणि माझ्याशी फोनवर भांडते. ती भांडायला लागली की मी फोन कानापासून थोडा लांब धरते आणि मनापासून ऐकते. वैष्णवीनंही असंच कुणाशी तरी भांडायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात मी मुखेडला गेले होते. पेरणीची घाई, बाजारात बियाण्यांची गर्दी. रेणूच्या दुकानात मागच्या बाजूला गादीवर सुनंदा बसली होती. आता तिचे केस पांढरे झालेत. कानाला मोबाइल, चेहरा कठोर. समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं, तिला पत्ता नव्हता. रेणूनं मला खुणेनंच बसायला सांगितलं. “कंधारकडची बाई हाय,” ती कुजबुजली. “पोराची आज नांदेडला तपासणी. निघाली न्हाई अजून.”

हे सुनंदाचं वैष्णवीच्या उन्हाळ्यापासून सुरू आहे. मुंबईतल्या, लातूरच्या, नांदेडच्या दवाखान्यांत ओळख झालेल्या आया, त्यांनी जोडून दिलेल्या आणखी आया. डॉक्टरही आता नवीन घराला तिचा नंबर देतात. ज्याची तारीख असेल त्याला सकाळी फोन. त्याला ना कुणाचा पगार, ना कसली पाटी. मी एकदा म्हटलं, याची रीतसर संस्था कर. ती म्हणाली, “आक्का, संस्थेला जेवायची सुट्टी असती.”

“पेरणी हाय, ते दिसून राहिलंय मला,” ती फोनवर बोलत होती. “नवऱ्याला पेरू दे. तू ऊठ... हाव, खेळत असंल. माझीबी खेळत व्हती... बरं दिसतंय ते मला सांगू नको. हदगावची पोरगी तुझ्या पोरापेक्षा बरी दिसत व्हती.” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “बाळे, ऊठ गं. मी फोन ठेवत न्हाई. तू चाल.”

आणि तिनं खरोखरच फोन ठेवला नाही. गिऱ्हाइकानं दोन साड्या घेतल्या, एक परत केली. रेणूनं चहा मागवला. सुनंदा कानाला फोन लावून बसून होती, काहीच न बोलता, पलीकडच्या पावलांचे आवाज ऐकत. मध्येच म्हणायची, “पाण्याची बाटली घेतलीस का? पोराला चप्पल घाल.” फोनमधून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, मग कुणाची तरी मोटरसायकल, मग स्टँडवरचा गलका. माझा चहा तसाच निवून गेला. एक पोरगं गाडीत चढतंय की नाही, यावर माझा जीव टांगला होता, ज्याचं नावही मला माहीत नव्हतं.

मग कंडक्टरची घंटी वाजली, दोनदा. आणि फोनमधून एक दमलेला, जरा वैतागलेला, तरुण बाईचा आवाज आला, इतका मोठ्यानं की दुकानात सगळ्यांना ऐकू गेला.

“बसलाव, मावशी. गाडी निघाली. आता तरी ठेवा की फोन.”